विश्लेषण : छातीत दुखतंय, ईसीजी नॉर्मल, पुणे शंभर किलोमीटरवर... भीमाशंकर परिसरात रक्ताची गुठळी रोखणारं इंजेक्शन का महत्त्वाचं?

भीमाशंकरला जाणाऱ्या प्रत्येकाला त्या पायऱ्या आठवतात. दर्शनाला उतरताना काही वाटत नाही, पण परत वर येताना दोनशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात आणि धाप लागते. कुणी मध्येच थांबतं, कुणी छातीवर हात ठेवून कठड्याला टेकतं. बहुतेक जण दोन मिनिटांत सावरतात. काही जणांच्या बाबतीत मात्र ती हृदयाने दिलेली सूचना असते.

अशा वेळी व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज अनेकांना आठवतो : ‘हार्ट अटॅकवरचं महागडं इंजेक्शन आता सरकारी दवाखान्यात मोफत.’ त्यात तथ्य आहे, पण तो मेसेज अर्धवट आहे. हृदयाच्या तातडीच्या दुखण्यात दोन पूर्णपणे वेगळ्या प्रकारची इंजेक्शनं वापरतात. एक तयार झालेली गुठळी विरघळवतं, दुसरं गुठळी वाढू देत नाही. चुकीच्या रुग्णाला पहिलं दिलं तर फायद्याऐवजी धोका वाढतो. दुसऱ्याची चर्चा फारशी होत नाही, पण जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यासारख्या, मोठ्या रुग्णालयापासून दूर असलेल्या भागासाठी ते फार कामाचं आहे.

‘अनस्टेबल’ म्हणजे नेमकं काय?

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या धमन्यांमध्ये चरबीचा थर साचतो आणि वाट अरुंद होते. चढ चढताना हृदयाला जास्त रक्त लागतं, ते अरुंद वाटेतून पोहोचत नाही आणि छातीत दाबल्यासारखं होतं. थांबलं की दुखणं थांबतं. पायऱ्या चढताना दुखतं, टेकलं की बरं वाटतं, आणि महिनोन्महिने हे असंच चालतं. डॉक्टर याला स्थिर अंजायना म्हणतात. त्यालाही उपचार लागतातच, पण ती रात्रीतून उद्भवलेली आणीबाणी नसते.

चित्र बदलतं ते तो थर फुटल्यावर. फुटलेल्या जागी शरीर जखम समजून रक्त गोठवू लागतं आणि धमनीच्या आतच गुठळी बनते. आता चढाची गरज राहत नाही. बसल्या जागी, झोपेत, जेवताना दुखू लागतं. आधी पन्नास पायऱ्यांनी दुखायचं, ते आता दहा पायऱ्यांतच दुखतं. दुखणं जास्त वेळ टिकतं आणि वारंवार येतं. हीच अस्थिर अवस्था, म्हणजे अनस्टेबल अंजायना.

गुठळीने धमनी पूर्ण बंद केली तर ईसीजीवर ठरावीक बदल दिसतात. तो ‘स्टेमी’ प्रकारचा झटका. धमनी अर्धवट बंद असेल तर दोन शक्यता उरतात. हृदयाच्या पेशी मरू लागल्या असतील तर रक्तातलं ट्रोपोनिन वाढतं आणि त्याला ‘एनस्टेमी’ म्हणतात. ट्रोपोनिन वाढलेलं नसेल तर अनस्टेबल अंजायना. या दोन्हींत पहिला ईसीजी पूर्णपणे नॉर्मल येऊ शकतो.

घोळ इथेच होतो. ‘ईसीजी काढला, काही निघालं नाही, गॅस असेल’ असं म्हणून माणूस घरी जातो. पण एक नॉर्मल ईसीजी म्हणजे सुटका नव्हे. दुखणं संशयास्पद असेल तर थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी काढावा लागतो आणि ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने पुन्हा तपासावं लागतं.

मग गुठळी विरघळवणारं इंजेक्शनच का देत नाहीत?

व्हायरल मेसेजमधलं इंजेक्शन म्हणजे टेनेक्टेप्लेज किंवा स्ट्रेप्टोकायनेजसारखी औषधं. टेनेक्टेप्लेज पुण्यातच, हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीतही बनतं. स्टेमीच्या रुग्णाला लवकर अँजिओप्लास्टी मिळणार नसेल तर ही औषधं जीव वाचवतात. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत राबवलेल्या ‘स्टेमी’ प्रकल्पाचा पायाही तोच : लहान रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो दूरवरच्या तज्ज्ञाने वाचायचा, उपचार सुरू करायचे आणि रुग्णाला मोठ्या केंद्राकडे हलवायचं.

मग तेच औषध अनस्टेबल अंजायनाला का नको? हा प्रश्न 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टिमी 3 बी’ या अभ्यासाने तपासला. त्यात 1,473 रुग्ण होते. गुठळी विरघळवणारं औषध दिलेल्यांना फायदा झाला नाहीच, उलट त्यांच्यात हृदयविकाराचे झटके जास्त आले आणि मेंदूत रक्तस्राव झालेले रुग्णही त्याच गटातले होते. तेव्हापासून जगभरात नियम पक्का आहे : ईसीजीवर स्टेमी नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं नाही.

म्हणून ‘सरकारी दवाखान्यात इंजेक्शन होतं, तरी डॉक्टरांनी दिलं नाही’ अशी तक्रार होते तेव्हा डॉक्टर चुकलेच असतील असं नाही. त्या रुग्णाला ते न देणं हाच योग्य उपचार असू शकतो.

हेपरिन गटातली इंजेक्शनं काय करतात?

बोलीभाषेत यांना ‘रक्त पातळ करणारी’ इंजेक्शनं म्हणतात. प्रत्यक्षात रक्त पातळ होत नाही, ते गोठण्याची प्रक्रिया मंदावते. रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचं प्रथिन असतं. ते गोठण्याला लगाम घालतं. हेपरिन त्याला चिकटतं आणि त्याचं काम कित्येक पटींनी वेगवान करतं. असलेली गुठळी त्याने विरघळत नाही, पण वाढायची थांबते. अर्धी उघडी धमनी पूर्ण बंद होण्याची शक्यता कमी होते.

ॲस्पिरिनचं काम वेगळं आहे. गुठळीत दोन गोष्टी असतात : एकमेकींना चिकटलेल्या प्लेटलेट पेशी आणि त्यांना बांधून ठेवणारं तंतूंचं जाळं. ॲस्पिरिन पेशींना चिकटू देत नाही, हेपरिन जाळं विणू देत नाही. म्हणून दोन्ही एकत्र वापरतात.

हेपरिनचा शोध 1916 मधला. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन हा वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. कुत्र्याच्या यकृतातून त्याला नेमका उलटा, गोठणं थांबवणारा पदार्थ मिळाला. ग्रीक भाषेत यकृताला ‘हेपार’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं.

आज या कामासाठी प्रामुख्याने तीन पर्याय आहेत.

साधं हेपरिन : शिरेतून, सलाइनसारखं सतत द्यावं लागतं. प्रत्येकाच्या शरीरात त्याचा परिणाम वेगळा असतो. त्यामुळे दर काही तासांनी रक्ताची तपासणी करून वेग कमी-जास्त करावा लागतो. त्यासाठी पंप, प्रयोगशाळा आणि लक्ष ठेवणारी परिचारिका लागते.

एनॉक्सापॅरिन : हेपरिनचेच लहान तुकडे. पोटाच्या त्वचेखाली, दर 12 तासांनी, वजनानुसार एका किलोला 1 मिलिग्रॅम. सतत रक्त तपासावं लागत नाही. औषध भरलेली सिरिंजच मिळते.

फोंडापॅरिनक्स : प्रयोगशाळेत बनवलेलं, दिवसातून एकदा 2.5 मिलिग्रॅम. वजनाचं गणित नाही.

साधं हेपरिन शहरातल्या अतिदक्षता विभागाचं औषध आहे. बाकीची दोन तालुक्याच्या रुग्णालयातही देता येतात. दुर्गम भागासाठी सर्वांत मोठा फरक हाच.

फायदा किती होतो? आकडे काय सांगतात?

1988 मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी अनस्टेबल अंजायनाच्या 479 रुग्णांवर अभ्यास केला. कोणतंच खरं औषध न मिळालेल्यांपैकी 12 टक्क्यांना झटका आला, ॲस्पिरिन मिळालेल्यांत 3 टक्के आणि हेपरिन मिळालेल्यांत 1 टक्क्याहून कमी. त्वचेखालच्या इंजेक्शनांची पाळी नंतर आली. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या ‘फ्रिस्क’ अभ्यासात 1,506 रुग्ण होते. ॲस्पिरिनसोबत डाल्टेपॅरिन हे त्याच गटातलं औषध मिळालेल्यांपैकी पहिल्या सहा दिवसांत 1.8 टक्के जणांना मृत्यू किंवा झटक्याला सामोरं जावं लागलं. ते न मिळालेल्यांत हे प्रमाण 4.8 टक्के होतं. सोप्या भाषेत, शंभर रुग्णांमागे तीन जण वाचले.

पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू महत्त्वाची आहे. चार-पाच महिन्यांनी दोन्ही गटांतला फरक जवळजवळ मिटला. म्हणजे इंजेक्शनने धोक्याचे दिवस टळले, मूळ आजार गेला नाही. अरुंद धमनी अरुंदच राहिली. एकत्रित विश्लेषणांतही हेच दिसतं : हेपरिन गटाच्या औषधांनी सुरुवातीच्या काळातले झटके कमी होतात, मात्र मृत्यूंचं प्रमाण ठळकपणे घटल्याचं दिसत नाही.

एनॉक्सापॅरिन आणि साधं हेपरिन यांची तुलना 1997 च्या ‘एसेन्स’ अभ्यासात झाली. रुग्ण होते 3,171. मृत्यू, झटका किंवा पुन्हा दुखणं यांपैकी काहीतरी 14 दिवसांत होण्याचं प्रमाण हेपरिन गटात 19.8 टक्के, तर एनॉक्सापॅरिन गटात 16.6 टक्के होतं. 2006 मधल्या ‘ओएसिस 5’ अभ्यासात 20 हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यात फोंडापॅरिनक्स परिणामात एनॉक्सापॅरिनच्या बरोबरीचं ठरलं आणि पहिल्या नऊ दिवसांतला मोठा रक्तस्राव 4.1 टक्क्यांवरून 2.2 टक्क्यांवर आला. त्याची एक अडचण आहे. अँजिओप्लास्टी करताना फक्त त्याच्या भरवशावर राहिलं तर नळीत गुठळी होऊ शकते, म्हणून त्या वेळी साधं हेपरिन जोडीला द्यावंच लागतं.

थोडक्यात, हे इंजेक्शन आजार बरा करत नाही. ते वेळ मिळवून देतं. आणि भीमाशंकरच्या डोंगरात वेळ हीच मुख्य अडचण आहे.

भीमाशंकर ते पुणे : वेळ कुठे जातो?

आंबेगाव आणि खेड तालुक्यांच्या सीमेवरच्या भीमाशंकरहून मंचर सुमारे 60 किलोमीटर, तिथून पुणे आणखी तेवढंच. वाटेत तळेघरचं प्राथमिक आरोग्य केंद्र, घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय, मग मंचरचं उपजिल्हा रुग्णालय. जुन्नरच्या पश्चिमेकडच्या आदिवासी गावांची वाट जुन्नर-नारायणगावहून जाते. अँजिओप्लास्टीची मोठी केंद्रं पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये.

अंतरापेक्षा मोठा अडथळा ऋतूचा आहे. देवस्थानाला सर्वाधिक गर्दी महाशिवरात्रीला आणि श्रावणात होते. श्रावण म्हणजे सह्याद्रीतला भर पावसाळा, धुकं आणि घाटात अडकलेल्या गाड्या. याच पट्ट्यातल्या माळीण गावावर 30 जुलै 2014 रोजी डोंगर कोसळला होता. पावसाळ्यात इथला रस्ता गृहीत धरता येत नाही, हे त्या दिवसाने सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं. 2027 च्या नाशिकच्या सिंहस्थात त्र्यंबकेश्वरसोबत भीमाशंकरलाही जाणारे भाविक वाढतील, त्यांत वयस्कर माणसं मोठ्या संख्येने असतील.

भाविक निदान गाडीने आलेला असतो. महादेव कोळी वस्त्यांमधल्या माणसाचं काय? भातलावणीच्या दिवसांत किंवा हिरडा गोळा करताना छातीत दुखलं तर आधी ‘दमलो असेन’ म्हणून बसायचं, मग रेंज येईल अशा टेकाडावर जाऊन फोन लावायचा, मग गाडीची वाट पाहायची. महाराष्ट्रात 108 क्रमांकाची सेवा 2014 मध्ये 937 रुग्णवाहिकांनी सुरू झाली. सोबत डॉक्टर असणं हे तिचं वैशिष्ट्य. पण गाडीने वाडीपर्यंत पोहोचायला रस्ता आणि वेळ लागतोच.

उशीर ही फक्त डोंगराची गोष्ट नाही. देशातल्या 50 शहरांमधल्या 89 रुग्णालयांचा ‘क्रिएट’ हा अभ्यास 2008 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात 20,937 रुग्णांची नोंद होती. दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचण्याचा मध्यवर्ती वेळ 360 मिनिटं, म्हणजे सहा तास होता. 30 दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण श्रीमंत रुग्णांत 5.5 टक्के, तर गरीब रुग्णांत 8.2 टक्के होतं. त्या नोंदीतले साधारण दहापैकी चार रुग्ण स्टेमी नसलेले होते. ‘हार्ट अटॅकचं इंजेक्शन’ ज्यांच्या कामाचं नाही, असे.

या चौघांना एक सवलत मिळते. स्टेमीत मिनिटं मोजावी लागतात. अस्थिर अंजायना आणि एनस्टेमीच्या बऱ्याच रुग्णांत अँजिओग्राफी पुढच्या एक ते तीन दिवसांत केली तरी चालते, मात्र तोपर्यंत गुठळी वाढू द्यायची नाही. ज्यांचं दुखणं थांबतच नाही, रक्तदाब कोसळतो किंवा ठोके बिघडतात त्यांना थेट मोठ्या केंद्रात न्यावं लागतं. बाकीच्यांना घोडेगाव किंवा मंचरलाच निदान करून ॲस्पिरिन आणि इंजेक्शन दिलं, तर पुण्यापर्यंतचा प्रवास बराच सुरक्षित होऊ शकतो.

मग प्रत्येक आरोग्य केंद्रात ठेवून का देत नाहीत?

औषध दुर्मीळ नाही. हेपरिन आणि एनॉक्सापॅरिन दोन्ही देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यामुळे त्यांच्या कमाल किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे. एनॉक्सापॅरिनला फ्रीजही लागत नाही. पण औषध यादीत असणं वेगळं आणि रात्री दोन वाजता कपाटात असणं वेगळं.

आणि कपाटात असलं तरी ते आंधळेपणाने द्यायचं नाही. छातीत दुखण्याचं कारण महाधमनी फाटणं असेल किंवा रुग्णाच्या पोटात रक्तस्राव करणारा अल्सर असेल, तर हेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. एनॉक्सापॅरिन मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंडं कमजोर असतील तर ते शरीरात साचतं, म्हणून मात्रा कमी करावी लागते. वृद्धांमध्ये रक्तस्रावाचा धोका जास्त. साध्या हेपरिनचा परिणाम प्रोटामिनने उलटवता येतो, एनॉक्सापॅरिनचा मात्र अंशतःच. काही रुग्णांत हेपरिनमुळे प्लेटलेट घटतात.

त्यामुळे कामाची वाटणी अशी हवी : प्राथमिक केंद्रात ईसीजी, ॲस्पिरिन आणि 108; ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात ट्रोपोनिन, मूत्रपिंडाची तपासणी आणि इंजेक्शन; पुण्यात अँजिओग्राफी. त्यात दोन साध्या वस्तू विसरून चालत नाही.

पहिली वस्तू वजनकाटा. मात्रा किलोवर ठरते. तयार सिरिंज साधारण 40 आणि 60 मिलिग्रॅमच्या असतात. 48 किलोच्या आजीला ‘साठची एक देऊन टाका’ म्हटलं तर मात्रा थेट पाव पटीने जास्त होते.

दुसरी वस्तू चिठ्ठी. कोणतं इंजेक्शन, किती आणि किती वाजता दिलं, हे रेफरच्या कागदावर ठळक लिहिलेलं हवं. नाहीतर पुढच्या रुग्णालयात दुसरी मात्रा लवकर दिली जाते किंवा त्यावर साधं हेपरिन चढवलं जातं. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिनर्जी’ अभ्यासात सुमारे 10 हजार रुग्ण होते. तिथेही एका औषधावरून दुसऱ्यावर नेलेल्या रुग्णांत रक्तस्राव जास्त दिसला.

पुरवठा आणि डुकराचा प्रश्न

हेपरिनचा कच्चा माल आज मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून मिळतो आणि चीन हा त्याचा मोठा पुरवठादार आहे. 2008 मध्ये तिथून आलेल्या कच्च्या मालात भेसळ सापडली आणि अमेरिकेत डझनावारी मृत्यू तिच्याशी जोडले गेले. 2020 मध्ये कोविडच्या काळात मागणी वाढली, आयात कच्चा माल महागला, आणि भारताच्या औषध किंमत प्राधिकरणाने हेपरिनची कमाल किंमत तात्पुरती 50 टक्क्यांनी वाढवू दिली. चीनमधल्या बाजारात काही घडलं की त्याचा परिणाम घोडेगावच्या औषधांच्या कपाटापर्यंत पोहोचतो, तो असा.

प्राणिजन्य औषध नको असं काही रुग्णांना वाटतं. त्यांनी ते आधीच सांगावं. फोंडापॅरिनक्स पूर्णपणे कृत्रिम असल्याने डॉक्टरांपुढे पर्याय असतो. मात्र सोशल मीडियावरची पोस्ट वाचून आणीबाणीत इंजेक्शन नाकारणं महागात पडू शकतं.

सामान्य माणसाने काय लक्षात ठेवायचं?

बसल्या जागी छातीत दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, घाम, धाप; किंवा नेहमीचं दुखणं अचानक वाढलं, तर पुढच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. दर्शन पुन्हा होईल. चालत गाडीपर्यंत जाण्यापेक्षा मदत बोलवावी आणि 108 ला फोन करावा. मधुमेही, स्त्रिया आणि वृद्धांमध्ये छातीत न दुखता फक्त धाप, मळमळ किंवा कमालीचा थकवा असू शकतो.

घरात कोविडच्या वेळची उरलेली सिरिंज असेल तर ती स्वतःहून टोचायची नाही. ॲस्पिरिनही ॲलर्जी, रक्तस्राव किंवा अल्सर नसल्याची खात्री करून, डॉक्टर किंवा 108 वरच्या सल्ल्यानेच घ्यावी. रुग्णालयात मात्र तीन प्रश्न नक्की विचारावेत : ईसीजी पुन्हा काढणार का? ट्रोपोनिन केलं का? पुढे पाठवताना दिलेल्या औषधांची वेळ चिठ्ठीत लिहिली का?

पुढच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिची मर्यादा वाढवून कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपये करण्याचा आणि ती राज्यातल्या सगळ्यांना लागू करण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. अँजिओप्लास्टी तिच्यात येते. रेशनकार्ड आणि आधार सोबत असेल तर पुण्यात पोहोचल्यावर धावपळ कमी होते.

स्टेमीच्या निमित्ताने लहान रुग्णालयांतला ईसीजी तज्ज्ञांपर्यंत पोहोचू लागला, ही मोठी गोष्ट झाली. पण ज्याच्या ईसीजीवर स्टेमी दिसत नाही, त्याची जबाबदारी तिथे संपत नाही. पुण्यापासून शंभर किलोमीटरवरच्या डोंगरात त्याच्यासाठी वजनकाटा, ट्रोपोनिनची तपासणी, एक सिरिंज आणि नीट लिहिलेली चिठ्ठी एवढी तयारी करणं अवघड नाही.